छातीतलं बिऱ्हाड

"याआधी कधी टीबी झाला होता?"

डॉक्टर मगदूमांनी हे विचारलं ते कागदावरून मान वर न करताच. साखर आहे का, बीपी आहे का, कुठलं ऑपरेशन झालंय का, या ओघातच हाही प्रश्न आला. रत्नाबाईंनी तितक्याच सहज सांगून टाकलं, "न्हाय."

शेजारी त्यांचे यजमान पार्श्वनाथ बसले होते. मागं सून दीपा उभी होती.

"तिला कशाचा टीबी, डॉक्टर?" पार्श्वनाथ हसून म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं बघतोय. पावसात लावणीला उभारली तर साधं पडसं न्हाय व्हायचं तिला."

"विचारावं लागतं. या गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत. सांध्याला गुण येईल, पण शरीराची झुंजायची ताकद त्या जरा दाबून ठेवतात. जुनं काही आत असेल तर डोकं वर काढतं."

 रत्नाबाईंना आता सांगता आलं असतं. पण सांगायचं कुणाला? नवऱ्यादेखत, सुनेदेखत? त्यांनी पदर सावरला आणि सुजलेली बोटं मांडीवर झाकून घेतली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली.

२००१ सालच्या श्रावणातली ही गोष्ट. दोन वर्षांपासून रत्नाबाईंना संधिवातानं धरलं होतं. सकाळी उठलं की बोटं वळायची नाहीत. भाकरी थापणं सुटलं, नातीच्या झबल्याची बटणं लावणं सुटलं. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरात माणसं मोजकी. पार्श्वनाथ, मुलगा पारस, सून दीपा आणि तीन वर्षांची नात चंदना. शेती कागलकडं होती, तिकडं पार्श्वनाथ एक दिवसाआड एसटीनं जायचे. पारसचं उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. चंदना झोपायची ती आजीच्या कुशीतच. आईनं उचलून नेलं तरी पहाटे पाय आपटत परत यायची.

गोळ्यांनी जादू केली. आठ दिवसांत बोटं मोकळी झाली. दिवाळीला रत्नाबाईंनी स्वतः चकलीचा सोऱ्या फिरवला आणि घर आनंदलं. त्या मात्र रोज गोळी जिभेवर ठेवताना एकदा देवाचं नाव घ्यायच्या. कशासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत.

सतरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं होतं. माहेर शिरोळकडचं. वडिलांनी गुपचूप मिरजेजवळच्या सॅनिटोरियममध्ये नेऊन ठेवलं. गावात सांगितलं, पोरगी मामाकडं बेळगावला शिवणकाम शिकायला गेलीय. पंधरा महिने त्या तिथं राहिल्या. रोज इंजेक्शनं, मूठभर कडू गोळ्या, आणि घरचं माणूस महिन्यातनं एकदा, तेही खिडकीबाहेर. बऱ्या होऊन आल्या तेव्हा आईनं त्यांना बस्तीत, जैन देवळात, नेलं आणि देवासमोर हात धरून शब्द घेतला. "रत्ना, ह्ये तोंडातनं बाहेर काढायचं न्हाय. तुजं लगीन हुणार न्हाय, आन तुज्या भावंडांचं बी न्हाय." दोन वर्षांनी लग्न झालं. आईवडील गेले, भाऊ गेला. आता हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, इचलकरंजीची थोरली बहीण. तिला सगळे आक्काच म्हणायचे.

पौषात ताप सुरू झाला. दिवे लागणीच्या सुमाराला अंग कणकण करायचं, पहाटे पोलकं घामानं भिजायचं. मग खोकला आला. दीपा म्हणाली, थंडीचा असेल. पार्श्वनाथांनी आल्याचा काढा करायला लावला. पण रत्नाबाईंनी पहिल्या आठवड्यातच तो खोकला ओळखला. छातीच्या डाव्या बाजूला, पाठीकडं, नेमक्या त्याच जागी तो खरवडायचा.

एका सकाळी मोरीत खाकरल्या आणि पांढऱ्यात एक तांबडा धागा दिसला. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक तांब्या. बाहेर चंदना दार वाजवत होती, "आजी, मला बी पाणी खेळायचंय."

त्या दिवसापासून त्यांनी नातीला दूर सारायला सुरुवात केली. खोकल्यानं पोरीची झोपमोड होते म्हणाल्या आणि अंथरूण बाहेरच्या सोप्यात टाकलं. पोर रडायची, दाराशी येऊन बसायची. डोळा लागला की गुपचूप येऊन पांघरुणात शिरायची. उठून बघावं तर तिचा श्वास आपल्या तोंडाशी. रत्नाबाई तोंड भिंतीकडं करायच्या आणि तशाच पडून राहायच्या.

"उद्या मगदूम डॉक्टरांकडं जाऊया," दीपा म्हणाली. "किती बारीक झालाय तुम्ही."

"उद्या नगं. आक्कानं बोलावलंय. चार दिवस जाऊन येतो, मग बघू."

आक्कानं काही बोलावलं नव्हतं.

इचलकरंजीत आक्काचं घर यंत्रमागांच्या शेडला लागून होतं. दोन्ही पाळ्यांत खटाखट चालायची, इतकी की दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावं लागायचं. आयुष्यभर कुजबुजीतही जे बोलल्या नव्हत्या, ते रत्नाबाईंना बहिणीच्या कानात ओरडून सांगावं लागलं. मध्येच वीज गेली, माग थांबले, आणि "रक्त पडलं" हे दोन शब्द स्वयंपाकघरात मोठ्यांदा घुमले. दोघी दचकून दाराकडं बघू लागल्या. दारात कुणी नव्हतं.

आक्का हळू आवाजात म्हणाली, "गप ऱ्हा. हितं सरकारी दवाखाना हाय, फुकट तपासत्यात. नाव माझ्या घरच्या पत्त्यावर लाव. हितंच ऱ्हाऊन गोळ्या खा. सांधं दुखत्यात म्हणून ऱ्हायलीया म्हणून सांगू."

"आन पोरगी?"

"तिला काय हुतंय? लस टोचलीया की."

दवाखान्यात बेडक्याची तपासणी करणारी मुलगी पंचविशीची होती. तिचं नाव प्रीती कांबळे, गडहिंग्लजची. तिनं रजिस्टर उघडलं.

"मावशी, पूर्वी कधी टीबीची औषधं घेतलीत?"

"न्हाय."

"घरात सहा वर्षांच्या आतलं मूल?"

"न्हाय. मी आन माजी बहीण. दोघीच."

तिसरं खोटं त्यांना बोलावं लागलं नाही, कारण तिसरा प्रश्न पत्त्याचा होता आणि तो आक्कानंच सांगून टाकला. एक नमुना त्या दिवशी दिला, दुसरा घरून पहाटेचा आणला, तिसरा तिथंच. दुपारी प्रीतीनं आत बोलावलं. आक्का बाहेर बाकावर बसून राहिली.

"तिन्ही नमुन्यांत जंतू आहेत, मावशी. बघायचेत?"

रत्नाबाईंनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या पसाऱ्यात बारीक लालभडक काड्या पडल्या होत्या. कुठं एकेक, कुठं जुडीनं. सतराव्या वर्षी त्यांना कुणी काही दाखवलं नव्हतं. पंधरा महिने ज्याच्याशी झुंजल्या ते आज पहिल्यांदा दिसत होतं.

"अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

त्यांनी पिशवीतली पाकिटं काढून टेबलावर ठेवली. प्रीतीनं नाव वाचलं आणि ती थांबली. पाकीट उलटंपालटं केलं.

"हे स्टेरॉइड आहे. किती महिने झाले?"

"सहा."

प्रीती खुर्ची ओढून समोर बसली. "मावशी, रागावू नका. पण तुम्हाला हा आजार आधी कधीतरी होऊन गेलाय असं मला वाटतंय."

"चाळीस-चाळीस वर्षं कुठं ऱ्हातंय व्हय असलं?" रत्नाबाईंच्या तोंडून आकडा निसटून गेला. प्रीतीच्या ते लक्षात आलं असावं. पण ती ओरडली नाही, की तिनं वहीत काही लिहिलं नाही.

"राहतंय की," ती म्हणाली. "आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की त्या गिळतात. पेशीच्या पोटात तो एका पिशवीत पडतो. मग दुसरी पिशवी, आम्लानं भरलेली, येऊन त्या पिशवीला मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. बाकीच्या जंतूंचं असंच होतं. हा मात्र लबाड. ती दुसरी पिशवी हा जवळच येऊ देत नाही. ज्यानं गिळलं त्याच्याच पोटात बिऱ्हाड करून राहतो."

"मग औषधानं मरत न्हाय?"

"मरतात, बहुतेक मरतात. पण एखाददुसरा निपचित पडून राहतो. खात नाही, वाढत नाही. अशा झोपलेल्यावर औषध फारसं चालत नाही. मग शरीर काय करतं, त्याच्याभोवती पेशींचं कुंपण घालतं. त्या कुंपणात तो वीस वर्षं राहील, चाळीस राहील, माणसाबरोबर सरणावरसुद्धा जाईल. पण माणूस थकलं, किंवा अशा गोळ्यांनी राखणदारच ढिले पडले, की कुंपण मोडतं." तिनं पाकिटावर बोट ठेवलं. "आणि मग तो खोकल्यातून बाहेर पडतो. जवळ जो असेल त्याच्या छातीत जातो."

 रत्नाबाईंच्या डोळ्यांपुढं सोप्यातलं अंथरूण आलं.

"म्हणून खरं विचारते," प्रीती म्हणाली. "पहिल्यांदाच आजारी पडलेल्याला एक औषध असतं. पूर्वी औषध घेतलेल्याला वेगळं, इंजेक्शनांसकट, आठ महिने. चुकीचं सांगितलंत तर औषध कमी पडेल. डॉक्टर सोमवारी सुरू करतील. त्याआधी आमचा माणूस घर बघून जाईल. विचार करा."

"व्हय," एवढंच म्हणून रत्नाबाई उठल्या.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "काय म्हनली?" त्या म्हणाल्या, "सोमवारी गोळ्या." दोघी चालू लागल्या. चौकातल्या एसटीडी बूथपाशी रत्नाबाई थांबल्या. घरी फोन करून चार दिवसांचे आठ दिवस झाल्याचं सांगायचं होतं. फोन पारसनं उचलला.

"दुकानात न्हाईस व्हय रे?"

"चंदूला ताप हाय आई. तू गेलीस त्या रात्रीपासनं येतोय. आज जेवली बी न्हाय. डॉक्टरनं सिरप दिलंय. नुसती पडून हाय. तुज्या नावानं रडती."

"खोकती का?"

"थोडं थोडं. का गं?"

रत्नाबाईंच्या हातातला फोन कानाशी तसाच राहिला. पारस "आई? हॅलो?" करत होता. बूथवाल्यानं काचेवर टकटक केली तेव्हा त्या भानावर आल्या.

"आक्का, मी जातो."

"कुठं?"

"आधी दवाखान्यातल्या त्या पोरीकडं. मग घराकडं."

आक्कानं त्यांचा दंड धरला. "रत्ना, खुळी झालीस? आईला काय बोलली हुतीस ते आठव. भावोजी ह्या वयात घरात घेतील तुला? सून घेईल?"

"न घेऊ दे," रत्नाबाई म्हणाल्या आणि हात सोडवून घेतला.

दवाखाना बंद व्हायला आला होता. प्रीती काचपट्ट्या आवरत होती. रत्नाबाई दारातच उभ्या राहिल्या, पदर तोंडावर धरून, आणि एका दमात बोलून गेल्या. साल, सॅनिटोरियम, पंधरा महिने, कोल्हापूरचं घर, तीन वर्षांची नात, तिचा ताप. त्रेचाळीस वर्षांत हे ऐकणारी परकी म्हणावी अशी ती पहिलीच.

प्रीतीनं काचपट्ट्या खाली ठेवल्या. एका कागदावर तपासणीचा निकाल लिहिला, खाली कोल्हापुरातल्या केंद्राचं नाव लिहिलं. "हे मगदूम डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड आपल्या मनानं एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. आणि मावशी, पोरीला उद्यावर ढकलू नका. लहान मुलाच्या छातीत तो थांबत नाही. मेंदूकडं जातो."

कोल्हापूरची एसटी भरलेली होती. रत्नाबाईंनी मागची खिडकीची जागा धरली, काच उघडली आणि तोंड बाहेर करून बसल्या. शेजारच्या बाईनं दोनदा सांगितलं, वारं लागतंय, काच लावा. त्यांनी ऐकलं नाही. हातकणंगल्यात गाडी पंधरा मिनिटं खोळंबली तेव्हा त्यांना वाटलं, उतरून चालत सुटावं. काय बोलायचं याची जुळवाजुळव मनात चालली होती आणि प्रत्येक वाक्य पहिल्या शब्दालाच तुटत होतं.

घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढलं होतं. दीपानं दार उघडलं. तिच्या खांद्यावर चंदना होती, डोळे अर्धवट मिटलेली. आजी दिसताच पोरीनं हात पुढं केले.

"जवळ आणू नगंस!" रत्नाबाई पायरीवरूनच ओरडल्या. "तिला आत ने. आन तू हिकडं ये. लांब उभी ऱ्हा."

दीपा घाबरून पोरीला पारसच्या हातात देऊन आली. रत्नाबाई पायरी चढल्या नाहीत. अंगणातच, तुळशीच्या कट्ट्याला धरून, त्यांनी सांगितलं. मध्येच खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी पदरात दाबली आणि उरलेलं सांगितलं. पार्श्वनाथ कधी दारात येऊन उभे राहिले ते कुणालाच कळलं नाही.

दीपा रडली नाही की किंचाळली नाही. तेच रत्नाबाईंना जड गेलं.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मागंच उभी होते, आई," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात."

"व्हय. खोटं बोललो मी."

"आणि त्यानंतर सहा महिने ती तुमच्या कुशीत झोपली."

 दीपा आत वळली. पाचव्या मिनिटाला पारसनं गाडी काढली आणि दोघं पोरीला घेऊन मुलांच्या दवाखान्यात गेले.

पार्श्वनाथ पायरीवर बसले. 

"तुज्या आईनं माझ्यापासनं लपवलं, ते समजू शकतो. पोरीची आई हुती ती," ते म्हणाले. "पण तू? एक्केचाळीस वर्षं. माझ्यावर एवढा बी भरवसा न्हाय?"

"भ्या वाटायचं."

"कुणाचं? माझं?"

रत्नाबाईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पार्श्वनाथ उठले, मागच्या खोलीची खिडकी उघडली, तिथं पलंग लावून दिला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर निघून गेले.

टीबीच्या तपासणीसाठी चंदनाच्या दंडाखाली, हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुईनं टोचलं होतं. तिथं गाठ किती उठते ते तीन दिवसांनी मोजायचं होतं. ते तीन दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. रत्नाबाई मागच्या खोलीत खिडकीशी बसून राहायच्या. पोरगी रडली की बरं वाटायचं, रडण्यात दम आहे म्हणायचं. गप्प झाली की उठून दाराला कान लावायच्या. मेंदूकडं जातो, हे प्रीतीचं बोलणं डोक्यातून हलत नव्हतं. दीपा ताट आणून दाराबाहेर ठेवायची आणि पावलं लांब जायची. दुसऱ्या दिवशी पोरीला दोन उलट्या झाल्या. दीपाचा आवाज फाटला, "अहो, बघा, मान ताठ झाल्यागत वाटतीय का?" पारस धावला. रत्नाबाईंनी दाराची कडी धरली, पण दार उघडलं नाही. डॉक्टर घरी आले. मान वाकवून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. मान ताठ नव्हती. सिरप रिकाम्या पोटी गेलं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी गाठ मोजली. पंधरा मिलिमीटर. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी एक ग्रंथी सुजलेली होती. म्हणजे जंतू पोरीच्या छातीत शिरला होता. अजून पसरला नव्हता.

"वेळेवर आणलीत," मुलांचे डॉक्टर पारसला म्हणाले. "आम्ही तापाचं सिरपच देत बसलो असतो. घरात टीबी आहे हे कळलं म्हणून सापडलं. सहा महिने औषध चुकवू नका."

पारसनं हे घरी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं. मागच्या खोलीचं दार बंद होतं. तो दाराजवळ येऊन पुन्हा एकदा म्हणाला, "आई, ऐकलीस का? बरी हुणार हाय ती."

दीपा मात्र पोरीला घेऊन माहेरी गेली, जयसिंगपूरला. जाताना सासूला नमस्कार केला नाही.

रत्नाबाईंची औषधं सुरू झाली. मगदूम डॉक्टरांनी रागावण्याच्या जागी नुसता चष्मा पुसला आणि स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. सांधे पुन्हा आखडले. केंद्रावर रविवार सोडून एक दिवसाआड इंजेक्शन घ्यायचं, नर्ससमोर सात गोळ्या गिळायच्या. पार्श्वनाथ त्यांना लुनावर मागं बसवून न्यायचे, फाटकाशी उभे राहायचे आणि परत आणायचे.  दोन महिन्यांत चोवीस खेपा झाल्या, सगळ्या मुक्यानं. गल्लीत बातमी फुटली होती. शेजारच्या बनाबाई पूर्वी ताक न्यायला यायच्या, त्या आता फाटकाबाहेरूनच हाक मारायच्या. रत्नाबाईंना त्याचं दुःख व्हायला हवं होतं. पण लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे झोप मात्र गाढ लागायची.

तिसऱ्या महिन्यात बेडक्यात जंतू दिसेनासे झाले. नर्सनं चिठ्ठी दिली तेव्हा पार्श्वनाथांनी ती फाटकाशी दोनदा वाचली, खिशात ठेवली आणि जयसिंगपूरला फोन लावला. रविवारी दीपा आली. पोरगी गुटगुटीत झाली होती. आजीला बघून ती दीपाच्या साडीत लपली, ओळख विसरल्यागत. रत्नाबाईंनी हाक मारली नाही. दीपानंच तिला हळूच पुढं ढकललं. "जा. आजी बरी झाली आता."

"माफ केलीस का मला?" रत्नाबाईंनी विचारलं.

"एवढ्यात नाही," दीपा खरं बोलली. "पण तुम्ही त्या दिवशी आला नसता तर मी आयुष्यभर केलं नसतं."

चंदनाला आईजवळच झोपवायचं असं ठरलं. संध्याकाळी, दिवस बुडायच्या आत जेवणं आटोपली. पारस आणि दीपा पोरीला घेऊन बस्तीकडं गेले. पार्श्वनाथ आडकित्ता घेऊन अंगणात बसले होते. रत्नाबाई पलीकडच्या खुर्चीवर बोटं शेकत होत्या.

"तिथं पंधरा महिनं," पार्श्वनाथ अचानक म्हणाले, सुपारीवरची नजर न उचलता. "एकटीच हुतीस?"

रत्नाबाईंना आधी कळलंच नाही कशाबद्दल विचारतायत. कळलं तेव्हा त्यांनी हातातला फडका खाली ठेवला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खाटेवर यल्लव्वा हुती. गडहिंग्लजच्या खालची, नुसती कानडी बोलायची. माझ्यापरास एका वर्सानं मोठी. मला कानडीत शंभरपतोर मोजायला शिकवली तिनं. दिवस मोजायला लागत्यात म्हणायची."

"बरी झाली ती?"

"न्हाय."

आडकित्त्याचा आवाज थांबला. पार्श्वनाथांनी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला घेतली.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासनं सांग."